गोजराचा टिण्या

या, गोधडीत पाय घ्या. तो मोबाईल पालथा घाला बघू. तुमच्या खेळातला लोखंडी ड्रॅगन पुढच्या पातळीला गेला म्हणे. जाऊ दे. आता माझ्या ड्रॅगनची गोष्ट ऐका. पण आधीच सांगते, ही रडायची गोष्ट आहे. मधेच उठून जायचं नाही.

एक देश होता, आणि त्या देशात ज्याच्या त्याच्या कमरेला एक डबी असायची. पितळेची, झाकणाची, लिंबाएवढी. तुम्हाला वाटेल, सुपारीची असेल. छे. डबीत असायचं जनावर. तेही साधं नव्हे, बरं का. कुणाकडे विस्तव ओकणारा कोंबडा, कुणाकडे दगडाचं अस्वल, कुणाकडे ढगाची शेळी. डबीचं झाकण उघडून जनावरासमोर धरलं, की ते धूर होऊन आत जायचं. पुन्हा उघडलं, की बाहेर येऊन उभं राहायचं. मग काय, माणसं रानात जायची, जनावरं धरायची आणि एकमेकांशी झुंजवायची.

सगळ्यात जास्त डब्या राजाकडे. महालात भिंतभर कोनाडे, आणि कोनाड्या-कोनाड्यात डबी. राजा दुष्ट होता का? तसा दुष्ट नव्हता. त्याला फक्त सगळं आपल्याकडे असावंसं वाटायचं. आणि त्याच्या मैदानात दर वर्षी मोठी झुंज व्हायची. ज्या गावाचं जनावर जिंकेल त्या गावाला वर्षभर कालव्याचं पाणी. बाकीच्यांनी आभाळाकडे बघत बसावं.

अशाच आभाळाकडे बघणाऱ्या एका गावात गोजरा राहायची. गावाचं नाव खडकमाळ. आई नव्हती तिला. ती, तिचे बाबा आणि शेळ्या, एवढाच संसार. तिच्या कमरेला डबी नव्हती. झुंजी बघवायच्या नाहीत तिला.

एकदा काय झालं, शेळ्या चारता चारता तिला कोरड्या ओढ्यात एक अंडं सापडलं. राखाडी, गुळगुळीत, आपल्या पाट्याच्या वरवंट्यासारखं. हातात घेतलं तर ऊनऊन लागलं. आतून काहीतरी खरवडत होतं. तिनं ते ओटीत घालून घरी आणलं. दुपारपर्यंत अंडं फुटलं आणि आतून निघाला ड्रॅगन.

हसू नका. एवढासाच होता. उकडीच्या मोदकासारखा मऊ, पांढराफटक, आणि पंख म्हणजे नुसते ओले रुमाल. फक्त शेपटीच्या टोकाला एक खवला होता चमचम करणारा. शेपूट आपटली की तो वाजायचा, टिण, टिण. म्हणून गोजरानं त्याचं नाव ठेवलं टिण्या.

टिण्या काय खायचा? लोखंड. गंजलेला खिळा दिला की तासभर चोखत बसायचा. मोडक्या विळ्याचं पातं तर त्याला लाडवासारखं. आणि झोपायचा कुठे? गोजराच्या मांडीवर. ती चुलीपुढे बसली की हा आलाच. तिनं पाठीवरून हात फिरवला की अंगभर शहारा यायचा त्याला, आणि मग शेपूट टिणटिणायची. तिनं त्याला कधी डबीत घातलं नाही. डबी आणलीच नाही.

असं चांगलं चाललं होतं. पण त्या वर्षी पाऊस आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही आला नाही. विहिरीत गाळ उरला. शेळ्या एकेक करून बसल्या त्या उठल्याच नाहीत. शेजारच्या सोनाकाकूचं तान्हं बाळ रडायचं, मग रडायचंही थांबलं, नुसतं बघत पडायचं.

मग गावातली जाणती माणसं गोजराकडे आली. गावात दुसरं लढण्याजोगं जनावर उरलं नव्हतं. त्यांनी हात जोडले. तिनं टिण्याला जवळ ओढलं. मग सोनाकाकूच्या बाळाकडे बघून म्हणाली, एकदाच. एवढं एकदाच.

टिण्या तोवर वासराएवढा झाला होता. तिनं त्याला मैदानात नेलं. समोर दगडाचं अस्वल. त्यानं पंजा उचलला आणि टिण्याच्या मागच्या अंगावर असा हाणला की गोजरानं डोळेच मिटले. उघडून बघते तर काय, जिथे मार बसला तिथे टिण्याचं मऊ अंग करकरत पोलादाचं होत होतं. शेपूट पोलादाची, मागचे पाय पोलादाचे. त्यानं तीच शेपूट फिरवली आणि अस्वलाचे तुकडे पडले.

गावाला पाणी मिळालं. कालवा वाहत आला तेव्हा माणसं त्यात बसून रडली. सोनाकाकूचं बाळ वाचलं. गोजराही हसली, का नाही हसणार? पण त्या संध्याकाळी तिनं टिण्याच्या शेपटीवर हात फिरवला, तर शहारा आला नाही. त्याला कळलंच नव्हतं की कुणी हात लावलाय. त्याची शेपूट आता टिणटिणायची नाही. जमिनीवर पडली की धाड वाजायची.

इकडे राजानं काय केलं असेल? त्याला तेच हवं झालं. असा ड्रॅगन कोनाड्यात नाही म्हणजे काय? अंडं खडकमाळच्या ओढ्यात सापडलं, तर आणखी अंडी डोंगराच्या पोटात असणार, असं त्यानं ठरवलं. आणि गावातले पुरुष खणायला नेले. डोंगराखाली, बोगद्यात. त्यात गोजराचे बाबाही गेले.

अंडी काही मिळेनात. बोगदा खोल जात राहिला. बाबा घरी येईनात. मग राजाचा निरोप आला. तुझा पोलादराज पुन्हा एकदा झुंजव, मला बघायचाय. तो जिंकला तर माणसं सोडतो. हो, राजाच्या माणसांनी त्याचं नावही बदललं होतं. टिण्या हे त्यांना शोभेना.

गोजरानं टिण्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि त्याला सांगितलं, बाबांसाठी. मग संपलं. त्यानं तिचा हात चाटला. जीभ अजून मऊ होती.

दुसऱ्या झुंजीत समोर होता विस्तव ओकणारा कोंबडा, हत्तीएवढा. त्यानं आगीचे लोळ सोडले. टिण्याचे ते रुमालासारखे पंख आधी काळे पडले, मग लाल झाले, मग पोलादाचे झाले. पाठ पोलादाची झाली. तो त्या आगीतून सरळ चालत गेला आणि कोंबड्यावर पाय ठेवून उभा राहिला. मैदान नाचत होतं. गोजरा काठावर उभी राहून त्याला हाका मारत होती, टिण्या, ये. पहिल्या हाकेला तो वळला नाही. दुसऱ्या हाकेला वळला नाही. मग कितीतरी वेळानं वळला, आणि कोण हाक मारतंय हे शोधत राहिला.

बाबा घरी आले. खोकत आले, पण आले. टिण्या आता दारातून आत मावत नव्हता. तो अंगणात बसायचा आणि फक्त मान लांब करून गोजराच्या मांडीवर ठेवायचा. मान तेवढी मऊ राहिली होती, आणि छाती. छातीला कान लावला की आत धडधड ऐकू यायची. गोजरा रोज कान लावायची. बाबांनी एकदा विचारलं, काय ऐकतेस? ती म्हणाली, आहे का ते बघते.

कुणी नाक ओढलं आत्ता? पुस ते पदराला. ऐक पुढे.

तिसऱ्यांदा राजानं आपला वीजवाघ काढला. तो कधीच हरला नव्हता. राजानं बोलावलं, गोजरानं नाही म्हणून कळवलं. पुन्हा बोलावलं, पुन्हा नाही. मग राजानं चावडी-चावडीवर दवंडी पिटवली, की माझा वीजवाघ हरला तर झुंजी कायमच्या बंद, साऱ्या देशातल्या डब्या उघडायच्या, कालव्याचं पाणी सगळ्या गावांना. त्याला खात्री होती ना, वाघ हरायचा नाही.

आता बघा, काय पेच पडला. तोवर गोजराला एकट्या टिण्याचं बघायचं होतं. आता गावोगावच्या बायका यायला लागल्या. एकीच्या गावाला कधी पाणीच मिळालं नव्हतं. दुसरीनं ओंजळीत एक ससा आणला होता, झुंजीत डोळे गेलेला. तिनं काही मागितलं नाही. ससा गोजराच्या पुढ्यात ठेवला आणि बसून राहिली.

गोजरा बाबांकडे गेली. बाबांनी सांगितलं की हो म्हणालीस तरी मी तुझ्या बाजूला उभा राहीन आणि नाही म्हणालीस तरी. ती म्हणाली, त्यानं काही उपयोग होत नाही बाबा.

आणि ती टिण्याला घेऊन निघाली.

मैदानाच्या दाराशी टिण्या थांबला. त्याला कळलं होतं बरं का. जनावरांना कळतं. त्यानं मान खाली घातली आणि गोजराच्या काखेत तोंड खुपसलं, अगदी पिलू असताना खुपसायचा तसं. गरम श्वास लागला तिला. ती तशीच उभी राहिली. आत माणसं टाळ्या पिटत होती. मग तिनं त्याचं तोंड हळूच बाजूला केलं. त्यानं वळून एकदा तिच्याकडे बघितलं.

ती म्हणाली, "जा."

एवढंच म्हणाली. आणि तो गेला.

वीजवाघ कसा होता, टिण्या कसा लढला, ते मी सांगत नाही. तुम्हाला झुंजी फार आवडतात. एवढंच सांगते, की शेवटी वाघानं सगळी वीज एकवटून टिण्याच्या छातीवर झेप घेतली. मैदान पांढरं झालं. डोळ्यांना दिसेनासं झालं. आणि मग दिसलं तेव्हा वाघ निपचित पडला होता, आणि टिण्या उभा होता. छाती पोलादाची. मान पोलादाची. डोळे पोलादाचे. दोन्ही पंख वर उचललेले, तसेच राहिलेले.

गोजरा धावत गेली. तिनं छातीला कान लावला. दुसऱ्या बाजूनं लावला. पुन्हा पहिल्या बाजूनं लावला.

काही नाही.

मग राजा उतरून खाली आला. हरला तरी त्याचा चेहरा फुललेला. इतका मोठा ड्रॅगन. त्यानं आपली सोन्याची डबी काढली, झाकण उघडलं आणि टिण्यासमोर धरली. सगळे वाट बघत राहिले. धूर झाला नाही. राजानं डबी हलवली, जवळ नेली, टिण्याच्या नाकाला टेकवली. मग सगळ्यांना कळलं. डबी फक्त जिवंत जनावराला आत घेते.

राजाचा चेहरा पडला. पण शब्दाचा पक्का होता म्हणा, की त्याचा त्या खेळातला रसच संपला म्हणा, त्यानं दवंडीत सांगितलेलं सगळं केलं. आणि जाता जाता गोजराला म्हणाला, "घेऊन जा तुझं लोखंड."

बैलांच्या कितीतरी जोड्या लावून टिण्याला गाड्यावरून खडकमाळला आणलं. वाटेत गावागावात लोक डब्या उघडत होते. ढगाच्या शेळ्या आभाळात चढत होत्या. आंधळा ससा कुणाच्या तरी मांडीवर बसून गवत खात होता. लोक गाड्यावर फुलं टाकत होते. गोजरा गाड्यात बसली होती. फुलं तिच्या अंगावर पडत होती आणि ती झटकतही नव्हती.

घराच्या मागे, माळावर, टिण्याला उभा केला. मग गोजरानं काय काय केलं म्हणून सांगू. आधी तिनं त्याला खायला आणलं, खिळे, विळ्याची पाती, नालाचे तुकडे. ते तोंडाशी गंजून गेले. मग तिनं त्याला तेलानं रगडलं, सगळ्या अंगाला, खांदे भरून येईपर्यंत. अंग चकचकीत झालं, बाकी काही नाही. मग ती त्याच्याशी बोलत बसायला लागली. सगळं सांगायची, पिलू होता तेव्हापासूनचं. नावानं हाका मारायची. तुम्हाला वाटतंय ना, आता नाव ऐकून तो डोळे उघडणार? मलाही वाटायचं, लहान होते तेव्हा. नाही उघडले.

पावसाळा आला, चांगला आला. टिण्यावर गंज चढला. शेतं हिरवी झाली, सोनाकाकूचं बाळ चालायला लागलं, आणि गोजरा वाळत गेली. जेवायला बसायची आणि ताटाकडे बघत राहायची. बाबा घास करून द्यायचे. ती म्हणायची, बाबा, मीच त्याला जा म्हणाले. बाबा पुढचा घास करायचे.

थंडी पडायच्या सुमारास गावाची बैठक झाली. पाणी होतं, जमीन होती, पण नांगरांना फाळ नव्हते. लोहार म्हणाला, चांगल्या मनानंच म्हणाला हो, की माळावर इतकं पोलाद गंजतंय. त्याचे फाळ केले तर सगळं गाव पोटभर खाईल. टिण्या घराघरात राहील. कुणी गोजराकडे बघेना. मग बाबाच उठले, तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "बाळा, तो गेला गं. ते लोखंड आहे."

गोजरा भांडेल असं सगळ्यांना वाटलं. ती भांडली नाही. तिच्यात भांडायला काही उरलंच नव्हतं. ती म्हणाली, न्या. पण मी बरोबर येईन. मीच त्याला तिकडे पाठवला, आता इथेही मी असायला हवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले सगळे. पुढे लोहार, खांद्यावर घण. मागे माणसं, पहारी घेतलेली. आणि गोजरा. अशी थंडी पडली होती, की गवतावर दहिवर गोठून पांढरं झालं होतं, पायाखाली कुरकुर वाजत होतं.

माळावर पोचले आणि लोहार थांबला. म्हणाला, हे असं होतं का?

टिण्याचा डावा पंख खाली आला होता.

उजवा होता तसाच, आभाळात. डावा मात्र खाली, पार जमिनीला टेकलेला, कोंबडी पिलांवर धरते तसा. गोजरा पुढे झाली. खांद्याच्या सांध्याखाली गंजाचा भुगा पडला होता, लालभडक, ताजा. दहिवर त्या भुग्याच्या खाली होतं. म्हणजे पहाटेच पडला होता तो. तिनं गुडघे टेकले आणि पंखाखाली वाकून बघितलं.

आत ढगाच्या शेळीचं करडू होतं. रात्री कधीतरी जन्मलेलं, आईनं मागे सोडलेलं. अंग अजून ओलं होतं, पण बाहेर सगळं गोठलेलं असताना ते गोठलं नव्हतं. कुडकुडत होतं, पण जिवंत होतं. गोजराकडे बघून बें केलं त्यानं.

गोजरानं टिण्याच्या तोंडाकडे बघितलं. डोळे तसेच. पोलादाचे, समोर कुठेतरी लागलेले. ती उठून त्या डोळ्यांसमोर जाऊन उभी राहिली. "टिण्या," म्हणाली. त्यानं बघितलं नाही. तिनं छातीला कान लावला. काही ऐकू आलं नाही. पण ती कान लावून तशीच राहिली, आणि मग रडायला लागली. मैदानातल्या त्या दिवसापासून एकदाही रडली नव्हती, बरं का. आता रडली ती अशी, की बाबांना तिला धरून बसवावं लागलं.

लोहारानं घण खाली ठेवला. घरी गेला आणि तेलाचा बुधला घेऊन आला. खांद्याच्या सांध्यात ओतला सगळा. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

काय विचारतोस? मग त्याला ती आठवली का?

नाही रे सोन्या. खोटं कशाला सांगू? नाही आठवली. तिच्या हाकेला तो कधी वळला नाही, त्यानं तिचा हात पुन्हा कधी चाटला नाही. ती म्हातारी झाली तरी नाही. पण थंडी पडली, आणि माळावर एखादं उघडं पडलेलं पिलू आलं, की पंख खाली यायचा. कधी येतो ते कुणाला दिसायचं नाही. सकाळी बघावं तर खाली. गोजरा थंडीचे दिवस आले की सांध्यांना तेल घालायची. ते करडू तिनं वाढवलं, मग त्या करडाची पिलं वाढवली. गोजरा जेवायला लागली. बाबांशी बोलायला लागली. संध्याकाळी माळावर जाऊन टिण्याला टेकून बसायची. उन्हानं तापलेलं असायचं त्याचं अंग, अंधार पडेपर्यंत ऊबदार राहायचं. कधी काही बोलायची, कधी नाही.

गावानं फाळ लाकडाचे केले. जमीन जरा वर वर नांगरली गेली, पीक जरा कमी आलं, पण पुरलं सगळ्यांना. कुणी उपाशी राहिलं नाही, कुणाच्या कमरेला डबी राहिली नाही. गोजरा तिथेच राहिली, टिण्याही तिथेच राहिला, आणि दोघांचं बरं चाललं.

बस. एवढीच. आता सरका जरा, मलाही गोधडी द्या. डोळे मिटा. मिटा म्हणते ना. मी आहे इथेच.